याकोबाच्या सणाआधीची कापणी

झालिप्ये गावात झोफ्का म्लाकार दुधाची गाडी चालवायची. गोठ्यागोठ्यांतून कॅन उचलता उचलता कुणाची गाय व्याली, कोणत्या भावाभावांत अबोला आहे, सगळं तिच्या कानावर यायचं. म्हणूनच तळ्याकाठची कुरणं राखायला गाव आणि निसर्ग-उद्यानाचं कार्यालय यांची एकत्र समिती झाली, तेव्हा गावानं अध्यक्ष म्हणून तिलाच पुढं केलं.

त्या कुरणांत उंच गवतात एक तांबूस पक्षी घरटं करतो. गाव त्याला कोसेत्स म्हणतं, आणि गवत कापणाऱ्या माणसालाही कोसेत्सच. संध्याकाळ झाली की कंगव्यावर नख ओढावं तसं त्या पक्ष्याचं कर्र-कर्र सुरू व्हायचं. पिल्लं पळती होईपर्यंत, म्हणजे जुलैअखेरच्या संत याकोबाच्या सणापर्यंत, कुरणाला यंत्र लावायचं नाही, असं ठरलं. त्या बदल्यात उद्यानानं गुरांची बंद केलेली वाट खुली केली. झोफ्का दारोदार फिरली आणि तिनं प्रत्येकाशी हातावर हात मारून शब्द दिला-घेतला.

त्या साली आभाळच फिरलं, पाऊस थांबेना. एरवी उन्हाळ्यात जमिनीतल्या विवरांमधून गडप होणारं तळं उलट चढू लागलं. गवत पिकून आडवं व्हायला आलं. झोफ्का पहाटेच दार उघडून ढग हटलेत का म्हणून जावोर्निकच्या डोंगराकडं बघायची, कॉफी चुलीवर ठेवायची आणि ती उतू गेली तरी तिला पत्ता नसायचा. दुकानापुढं टोमणे सुरू झाले.

"काय अध्यक्षीणबाई, यंदा गाईंना पिसं चारायची का?"

"चार की. तुझ्या बायकोचा स्वयंपाक पचवतोस, त्या पिसंही पचवतील," ती फटकारायची.

तिनं कार्यालयातल्या नेझाला गाठलं. नेझा तिशीची होती, पक्ष्यांचं काम बघायची.

"तारीख बदलायची तर वर विचारावं लागेल," नेझा म्हणाली.

"वर? वर तर ढग आहेत पोरी!"

मग एके सकाळी कोरडा वारा सुटला. कुरणाकडून ट्रॅक्टरचा आवाज आला तशी झोफ्का घरातल्या सपाता घालूनच धावली. ट्रॅक्टरवर तिचा धाकटा भाऊ विन्को होता. ती आडवी उभी राहिली.

"ताई, बाजूला हो. परवा परत पाऊस आहे."

"माझ्या शब्दावर गाव थांबलंय विन्को. सख्ख्या भावानंच तो मोडला तर मी तोंड कुठं लपवू?"

"आणि हिवाळ्यात गाईंपुढं काय टाकू? तुझा शब्द?"

पाणी कुरणाच्या कडेला लागलेलं ती बघत होती. तिनं नेझाला फोन लावला. "परवानगी मागत नाही. तू नुसती ये."

नेझा आली. ती पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन आली. "परवानगी देणं माझ्या हातात नाही," ती म्हणाली. "पण मधून सुरुवात करून बाहेर बाहेर कापत या, अगदी हळू. वाळुंजाच्या झाडांकडची पट्टी तशीच ठेवा. पिल्लं तिकडं पळतील. यंत्रापुढं मी चालते."

"आपण दोघी चालू," झोफ्का म्हणाली.

काठ्यांनी गवत झोडपत दोघी पुढं, मागं विन्को. दुपारकडं काळ्या पिसांची पिल्लं बुडख्यांमधून सुरसुरत उभ्या पट्टीत शिरली. एकाला मात्र पात्यानं गाठलंच. विन्को खाली उतरला आणि त्यानं एक शिवी हासडली. कुणाला, ते त्यालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनीही तसंच कापलं. निम्मं गवत आत आलं, निम्मं पावसात कुजलं.

पुढच्या बैठकीत नेझाला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. झोफ्कानं पद सोडायची तयारी दाखवली, पण ती खुर्ची घ्यायला कुणी उठेना. अखेर ठरलेली तारीखच करारातून काढली. गाव आणि कार्यालय मिळून कुरण पायी फिरायचं, मगच कापणी ठरवायची. तरी दोन घरं करारातून बाहेर पडलीच. "आम्ही शब्द पाळून थांबलो, आमचं कुजलं; अध्यक्षिणीच्या भावाचं वाळलं," ती माणसं म्हणाली.

हे झोफ्काच्या जिव्हारी लागलं. नवा नियम चांगला आहे, असं नेझा तिला परोपरीनं सांगायची.

"चांगला आहे गं," झोफ्का म्हणायची. "पण मी शब्द दिला होता जुन्याचा."

आणि त्या दोन घरांच्या फाटकाशी गाडी आली की गाडीतून रिकामे कॅन काढून द्यायला ती अजूनही स्वतः खाली उतरते. भरलेले कॅन फाटकाबाहेर ठेवलेले असतात, दार मात्र बंद. ती ते चढवते, गाडीत बसते आणि गिअर टाकते.