श्वास धरायला मी सांगितलं होतं
आमच्या गावाजवळच्या भैरवगढच्या नव्या छापील चादरीची घडी उघडली, की रंगाच्या त्या उग्र वासाने मला आमच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं. संगणक शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने अंतराळप्रवासातल्या धोक्यांवर व्हिडिओ गेम बनवला होता आणि तशीच चादर टेबलावर अंथरून तिने तो मांडला होता. निवड झाली असती, तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत तो गेला असता. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून त्यातलं विज्ञान माझ्याकडचं. यानाला भोक पडून हवा गेली तर अंतराळवीराने काय करायचं, असं तिने विचारलं, तेव्हा क्षिप्रा नदीत रोज डुबकी मारणारा मी सहज म्हणालो होतो, "श्वास घट्ट धरायचा, और क्या!" परीक्षक बाईंनी गेम खेळून पाहिला आणि म्हणाल्या, "निर्वात जागेत श्वास धरला तर फुप्फुसं फाटतील. हे कुणी सांगितलं?" मी शेजारीच उभा होतो, चादरीची सुरकुती नीट करत. "चूक माझी आहे, मॅडम," ती म्हणाली. गेम बाद झाला. संध्याकाळी टावर चौकात तिनेच मला कचोरी खाऊ घातली. "सर, अब डुबकी बंद!" एवढंच म्हणून हसली. पुढे तिने गेम दुरुस्त केला. त्यात "श्वास सोडा!" असं ओरडणाऱ्या म्हाताऱ्या अंतराळवीराला तिने माझा चष्मा आणि माझ्या मिशा दिल्या आहेत. ते उत्तर आजोबांचंच समजून माझी नातवंडं तो गेम सगळ्यांना कौतुकाने दाखवतात. म्हणून आता लिहून ठेवतो, की ते उत्तर तिचं होतं. माझी होती ती चूक.