साडभाऊचा नळाचा फ्रिज

मला चीड आणणारी माणसं मालेगावात पुष्कळ आहेत. पण न विचारता दुसऱ्याच्या घरातली वस्तू खोलून तिचे नटबोल्ट जमिनीवर पसरणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. माझी बायको थोरली, त्याची धाकटी, एवढ्या नात्याच्या जोरावर त्याने तीस वर्षं माझ्या घरात पाना-पक्कड घेऊन धुमाकूळ घातला. धंद्याने तो फवारणीचे पंप दुरुस्त करतो. पंखा जरासा डुगडुगला की हा स्टुलावर चढलाच. "काई नाई भाऊ, पाच मिनटाचं काम हाय," असं म्हणतो आणि पुढचे दोन दिवस आम्ही घामाने निथळत पुठ्ठ्याने वारा घेतो. मी सेवानिवृत्त मास्तर. वस्तू जागच्या जागी लागते मला. हा येऊन गेला की माझा चष्माही जागेवर सापडत नाही.

एकदा अधिक महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना धोंड्याच्या जेवणाला केनवडला बोलावलं. पाट मांडले होते, रांगोळी काढली होती. मी नवं धोतर नेसून पाटावर जाऊन बसलो. हा कुठे? तर विहिरीवरची मोटर खोलून बसलेला. हात कोपरापर्यंत काळे, म्हणून सासूबाईंनी विहिरीवर जाऊन त्याला स्वतःच्या हाताने पुरणाचे धोंडे भरवले. मी इकडे एकटाच पाटावर बसून मेथीच्या भाजीकडे बघत होतो. केनवडात आजही मोटरवाला जावई सगळ्यांना आठवतो. नीट बसून जेवलेला जावई कोणालाही आठवत नाही, आणि हा अन्याय मी विसरलेलो नाही.

मग त्याच्या मुलीने त्याला पुण्यात कुठल्याशा हॉटेलात नेलं. तिथे बीअर नळातून येते हे पाहून हा खुळावला. बाकीचे पीत होते आणि हा काउंटरखाली वाकून नळ्या कुठून कुठे जातात ते पाहत होता. गावी परतल्यावर त्याने ज्वारी भिजवली, तिला मोड आणले, माझ्या साळीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, कुरडयांच्या कापडावर ते गच्चीत वाळवले, भरडून उकळले आणि बेकरीतून खमीर आणून त्यासकट एका छोट्या स्टीलच्या टाकीत कोंबलं. बीअर नळापर्यंत ढकलायला वेल्डिंगवाल्याच्या ओळखीने गॅसचा सिलिंडर मिळवला, पंपाच्या नळ्या जोडल्या, दोन चकचकीत नळ आणले. गंमत म्हणजे हा स्वतः अर्धा ग्लास प्याला की बसल्या जागी झोपतो.

"मंग कायले करून राह्यला रे हे?" मी एकदा ओरडलो. "घरी दारू गाळणं कायद्यात बसत नाही, ठाऊक हाय ना तुले?"

"विकून थोडीच राह्यलो भाऊ? मले तं प्याचीबी नाई. नळ फिरवला का घरात थंडगार आली पायजे, मले तेवढंच पाहाचं हाय."

वर्षभर त्याच्या नळातून नुसता फेस आला. टाकी गार नाही म्हणून फेस येतो, असं निदान करून त्याने टाकी घरच्या फ्रिजमध्ये घातली. साळीने ती उचलून अंगणात ठेवली आणि या घरात एक तर दूध राहील नाही तर ही टाकी राहील, असं बजावलं. तेव्हापासून त्याचा डोळा माझ्या फ्रिजवर होता. एकट्या माणसाला एवढा मोठा फ्रिज कशाला लागतो, हे तो मला दर रविवारी ऐकवत असे.

कशाला लागतो, ते मी त्याला कधी सांगितलं नाही. बायको चैत्रात गेली. त्याआधीच्या पौषात तिने दरवर्षीसारख्या तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या, अंगणात बसून सोलल्या आणि हिरवे दाणे थैल्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवले. उन्हाळ्यात आमटीला होतात म्हणून. दोन थैल्या आम्ही दोघांनी संपवल्या. तिसरी, तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधलेली, मी पावणेदोन वर्षं तशीच ठेवली होती. त्या घरात तिच्या हातचं खाण्यासारखं तेवढंच उरलं होतं. माझ्या फ्रिजात दूध, चार लिंबं आणि ती थैली, एवढाच ऐवज असे.

गेल्या नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला वाशीमला गेलो. आपण जिवंत आहोत हे अंगठा उमटवून सिद्ध केलं आणि दुपारी घरी आलो, तर दाराला कुलूप नाही. जास्तीची किल्ली बायकोनेच कधीकाळी त्याला देऊन ठेवलेली. आत फ्रिज स्वयंपाकघराच्या मधोमध ओढलेला, त्याच्या बाजूच्या पत्र्याला रुपयाएवढं भोक, आणि साडभाऊ ड्रिल मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेला. झालं असं की त्याने फ्रिजची पाठ पाहिली. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असते, ती याला नव्हती. म्हणजे फ्रिज गार करणाऱ्या गॅसची नळी खाली असणार आणि बाजू मोकळी, असा हिशोब करून त्याने सिलिंडरची नळी आत घ्यायला तिथे ड्रिल लावलं. नव्या फ्रिजची नळी बाजूच्या पत्र्यातच असते. फुस्स करून सगळा गॅस निघून गेला. हे सकाळी दहाचं. काम सुरू करण्याआधी त्याने कप्पा मात्र व्यवस्थित रिकामा केला होता. थैली घमेल्यात पडली होती आणि तिच्याखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

बायको गेल्यापासून मी कोणावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी शेजारचे बाहेर आले.

"त्या थैलीले हात काहून लावला? तुया ताईनं सोलेल दाणे होते ते! शेवटचे होते! निघ माह्या घरातून!"

तो निघाला नाही. पाच मिनिटांचं कामही म्हणाला नाही. त्याने थैली बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाला, "भाऊ, मले ठाऊक नव्हतं. पण हे आता परत गोठवता येत नाई. उद्यापरेंत नासन. फेकाचे का खाचे, तुमी सांगा."

मला फेक म्हणवेना आणि खाऊ म्हणवेना. त्याने उठून हात तीनदा साबणाने धुतले, चिंधीची गाठ न कापता नखाने सोडवली आणि ती चिंधी माझ्या हातात दिली. तवा ठेवला. दाणे भाजले, हिरवी मिरची आणि लसूण घेऊन पाट्यावर जाडसर वाटले. फोडणी देताना मला विचारलं, "ताई जिरं टाके का, भाऊ?"

मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं मी ती आमटी खाल्ली होती.

"नाई टाके," तोच म्हणाला. "धने टाके. शेगडी दुरुस्त कराले बसलो का पाहो मी." ज्याला मी तीस वर्षं स्वयंपाकघरातून हुसकत होतो, त्याला तिची आमटी ठाऊक होती आणि मला नव्हती, याचा मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आम्ही भाकरी कुस्करून जेवलो. आमटी थोडी करपली होती, पण तिचीच होती. तो पातेलं पुसून जेवला आणि मीही जेवलो.

फ्रिज आठ दिवसांनी दुरुस्त झाला. आता दोन्ही नळ त्याच्या दारावर आहेत. एकातून ताक येतं, दुसऱ्यातून एकदाची त्याची ज्वारीची बीअर आली. मास्तरकी सोडून मी घोटभर चाखली. नासलेल्या आंबिलीसारखी लागते, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं. पौषात तो आणि साळी पोतंभर शेंगा घेऊन आले. आम्ही तिघं अंगणात बसून सोलत होतो. थैली कप्प्यात ठेवताना तो म्हणाला, "भाऊ, ह्या वर्सी ठेवू नका. खाऊन टाका." मला शिकवू नको म्हणून मी त्याच्यावर खेकसलो.

माझा राग अजून गेलेला नाही. फ्रिजच्या बाजूचं ते भोक त्याने बुजवलं, तरी ठिगळ दिसतं, आणि दिसलं की मी त्याला शिव्या घालतो. पण रविवारी अकरा वाजले आणि दारात त्याची मोटारसायकल थांबली नाही, तर त्याहून जास्त चिडतो.