पास होण्याची भीती

जगात अपयशाची वाट पाहणारे पुष्कळ असतील, पण त्याच्यासाठी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी हजर राहणारा एकच माणूस मी पाहिला. तो माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार. बायोलॉजीच्या लॅबमध्ये आमचं टेबल एक आणि मायक्रोस्कोपही एक. तो अंजूर गावचा. मागच्या वर्षी याच प्रॅक्टिकलला नापास झालेला, त्यामुळे आमच्याहून मोठा, आणि चेहऱ्याने तर आमच्या सरांहूनही मोठा.

लॅबमध्ये शिरला की फॉर्मॅलिनमधल्या बेडकाकडे तो सुतकाला आल्यासारखा बघायचा. "याचं तरी सुटलं," म्हणायचा. कांद्याच्या मुळाची स्लाइड करताना माझी काच हमखास तडकायची. तो मात्र अंगठा असा अलगद टेकवायचा की पेशी सुट्या होऊन एका थरात पसरायच्या, विभाजन लख्ख दिसायचं. मी वा म्हटलं की दचकायचा. "एवढी बरी आली म्हणजे कायतरी चुकलंय." आणि ती धुवून टाकायचा!

हेच त्याचं दुखणं होतं. स्पॉटिंगला टेबलावर ओळीने नमुने मांडलेले असतात, ओळखून नाव लिहायचं, घंटा वाजली की पुढच्या नमुन्याकडे सरकायचं. हा आधी बरोबर उत्तर लिहायचा, मग संशय येऊन ते खोडायचा. गांडुळाला गांडूळ म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. "इतकं सोपं कोण कशाला ठेवंल?"

यंदा मात्र पास व्हायलाच हवं होतं. घरच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं होतं आणि वडिलांनी सांगून ठेवलं होतं, पुन्हा नापास झालास तर तिथे सुपरवायझर म्हणून बसायचं. त्याला मात्र शिकायचं होतं. हे तो कधी बोलला नाही, पण मायक्रोस्कोपवरून डोळा काढायला तो नेहमी उशीर करायचा.

परीक्षेच्या सकाळी धामणकर नाक्यावर आमची रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. मी म्हटलं, "पहिलं मनात येईल ते लिही आणि पुढे सरक. खोडायचं नाही."

"पहिलं मनात येतं ते नापास हाय."

"त्याच्यानंतरचं लिही."

आणि त्याने खरंच ऐकलं. एकही खाडाखोड नाही. पण बाहेर आला तो पांढराफटक. "सगळं सोपं गेलं गं. संपलं आपलं."

निकालाला अवकाश होता. तो थांबलाच नाही. दुसऱ्याच दिवशी वडिलांना म्हणाला, मी येतो गोडाऊनवर.

निकाल लागला तेव्हा मीच फोन केला. मागे ट्रक रिव्हर्स घेत होता. "पास झालास. चांगल्या मार्कांनी."

"दुसऱ्याचा नंबर बघितलास तू."

"तुझाच आहे. ये की परत."

त्याने हळूच विचारलं, "सेकंड इयरला काय काय असतं प्रॅक्टिकलला?" मी सांगत राहिले, तो "हां, हां" करत राहिला. शेवटी म्हणाला, "पप्पांना कळू देऊ नको. मी गोडाऊनवर आल्यापासून लय खूश हायत ते. चल, गाडी लागलीय."

आता माझ्या टेबलावर दुसरी मुलगी आहे. हुशार आहे, तिला कशाचीच भीती वाटत नाही. आमचं फारसं बोलणं होत नाही.