निजसुरेकाकांचे दात

निजसुरेकाका गिटार दातांनी ऐकत. गिटार टेबलावर आडवी ठेवायची, तिच्या लाकडी धडाचं वर आलेलं शिंग पुढच्या दातांत पकडायचं, डोळे मिटायचे आणि अंगठ्याने जाड तार छेडायची. तार हलायची थांबेपर्यंत काका हलत नसत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दारातच थबकले. सत्तरीचा माणूस, अंगात बंडी, कपाळावर ढकललेला चष्मा आणि तोंडात गिटार. मला वाटलं, काकूंनी आज जेवायला उशीर केला असावा.

मी तिथे पोचले ती गरजेपोटी. हिंजवडीच्या आमच्या कंपनीत चौघांनी मिळून बँड काढला होता आणि बेस गिटार वाजवायला कोणी तयार नव्हतं. बेस म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जी असते तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही आणि नसली की गाण्याखालची जमीन गेल्यासारखं वाटतं. ती माझ्या गळ्यात पडली. माझे हात लहान. दुकानातल्या गिटारीची मान इतकी लांब की शेवटच्या खुंटीपर्यंत पोचायला मला रिक्षा करावी लागली असती. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "अगं, तुमच्या धायरीतच एक म्हातारे आहेत. मोडक्या गिटारींतून नव्या जोडतात. ऐकू येत नाही त्यांना, पण जोडतात."

आडनाव निजसुरे आणि दोन्ही कानांनी बहिरे. असला विनोद पुण्यात कोण सोडणार? लोकांनी तो करून करून पार झिजवला होता. काकांना समोरच्याच्या ओठांवरून बोलणं कळे. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना तोंड फिरवायचं नाही, तोंडापुढे हात धरायचा नाही आणि पुटपुटायचं नाही, एवढे तीन नियम होते. काकू मात्र हे नियम न पाळता सरळ ओरडत, त्यामुळे आज काय भाजी आहे ते काकांना सोडून सगळ्या गल्लीला कळे.

"काका, मला छोट्या मानेची बेस हवी आहे. सुट्या भागांतून करता ना तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सुटे भाग दुकानात मिळतात. माझ्याकडे आहेत ते सुटलेले भाग. कुठून ना कुठून सुटलेत बिचारे. कोणाचं धड, कोणाची मान. आता त्यांचं आपसात जमतंय का, ते बघायचं. काय करतेस तू?"

"इंजिनिअर आहे."

"मग हातांनी काही येत नसणार. बस."

तेव्हापासून मी 'इंजिनिअर' झाले. मंजिरी हे माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी बराच काळ वापरलं नाही.

त्यांचा कारखाना म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगचा पत्रे ठोकून बंद केलेला कोपरा. भिंतीला फळ्या, फळ्यांवर दंतमंजनाचे रिकामे डबे, आणि प्रत्येक डब्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी: 'खुंट्या', 'स्क्रू, बारीक', 'चुंबकं, बरी', 'चुंबकं, अशक्त'. ही चुंबकं तारांखाली बसतात आणि तारांची थरथर स्पीकरपर्यंत पोचवतात. अशक्त चुंबक काका फेकून देत नसत. म्हणत, "मोठ्या आवाजात ओरडणाऱ्याला ते काय कामाचं? पण एखादा हळू बोलणारा येईल, त्याला लावू." आणि खरंच असा कोणीतरी यायचा.

दर शनिवारी मी जाऊ लागले. माझ्या बेसचं धड आलं होतं एका कॉलेजच्या बँडमधून. त्या मुलांचं भांडण झालं आणि त्यात गिटार आपटली गेली. मान आली होती कुठल्याशा ऑर्केस्ट्रातल्या, वाजवणाराच न राहिलेल्या गिटारीची. धडातल्या खाचेत ती मान बसवायला काकांनी चार शनिवार घेतले. पॉलिश पेपरचे दोन हात मारायचे, बसवून बघायची, काढायची, पुन्हा दोन हात. मी एकदा म्हटलं, "काका, किती दिवस लागतील अजून?" तर म्हणाले, "घाई असेल तर हिंजवडीला जा. तिथे सगळं कालच हवं असतं."

आणि दर वेळी मान बसवली की दात. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक गिटारीच्या शिंगावर दातांच्या खुणा असत: चार खड्डे, मधल्या दोहोंत थोडी फट. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली तर काका म्हणाले, "सही आहे ती माझी. नको असेल तर गिटारही ठेवून जा." मला ही त्यांची लकब वाटायची. थोरामोठ्यांना असतात तशी. ऑफिसच्या कँटीनमध्ये मी पोळीचा रोल दातांत धरून, डोळे मिटून त्यांची नक्कल करायची आणि सगळे हसायचे. मीही हसायची. हे लिहावंसं वाटत नाही, पण लिहायलाच हवं.

माझ्या बेसमध्ये एक दोष निघाला. सगळ्यात बारीक तार मानेवरच्या पाचव्या पट्टीवर दाबली की सूर उमटायचा आणि लगेच विझायचा. शेजारचे सूर छान लांबत, हा एकटाच मरे. काका त्याला 'मुका सूर' म्हणत. पण मी 'मेला' म्हटल्यावर रागावले. "मरत नाही तो. लाकूड गिळतं त्याला. तारेतून निघतो आणि मानेत शिरतो. बाहेर येत नाही एवढंच." यावर त्यांचा उपाय होता वाण्याकडचं जुनं पितळी वजन. ते मानेच्या टोकाला सुतळीने बांधायचं, थोडं वर, थोडं खाली, आणि प्रत्येक जागी दातांनी ऐकायचं. मान जड झाली की गिळण्याची जागा सरकते म्हणे. "दोन शनिवार दे. पकडतो त्याला," ते म्हणाले.

ते दोन शनिवार आलेच नाहीत, कारण काकांचा गाल सुजला.

बुधवार पेठेत रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. एवढी वर्षं वायरचं आवरण दातांनी सोललेलं. खालचे दात कधीच गेले होते, वरच्या दाढांचा नुसता चुरा होता. माणूस मऊ भातावर आला. काकू माझ्यापाशी रडल्या, "तू तरी सांग गं त्यांना. तुझं ऐकतात." मला कोण अभिमान वाटला. मी फोनवर चांगला डॉक्टर शोधला, वेळ घेतली, गाडीत घालून काकांना घेऊन गेले. त्या दिवशी बारा वाजता माझा ऑफिसचा कॉल होता.

डॉक्टर तरुण होते, सज्जन होते, आणि त्यांच्या तोंडावर मास्क होता. काकांना खुर्चीत आडवं केलेलं. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाकीचे काढावे लागतीलच. वरचे पुढचे चार अजून तग धरून आहेत. ठेवायचे तर ठेवता येतील, पण सगळे काढले तर पूर्ण कवळी सोपी पडेल. काय करू या, काका?"

मास्कमागचे ओठ काकांना दिसत नव्हते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतोय हा, असा साधा प्रश्न होता डोळ्यांत. मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवून डॉक्टरांचा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी डॉक्टरांना म्हणाले, "काढून टाका." आणि काकांना हाताने खूण केली, सगळं ठीक आहे. त्यांनी विश्वासाने मान हलवली. पुढच्या दोन खेपांत सगळे दात निघाले. शेवटी काकांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "द्या इकडे. माझे आहेत." डॉक्टर हसले आणि पुडी बांधून दिली.

हिरड्या भरायला दोनेक महिने गेले, मग कवळी बसली. त्या शनिवारी मी चितळ्यांशी काही देणंघेणं नसलेल्या, काकूंच्याच हातच्या बाकरवडीचा डबा वरून घेऊन खाली कारखान्यात आले. काकांनी माझी बेस टेबलावर घेतली होती. मानेला वजन बांधलेलं. त्यांनी शिंग दातांत धरलं, डोळे मिटले, तार छेडली. डोळे उघडले. पुन्हा छेडली. मग वाकून तारेकडे पाहिलं.

"वाजतेय का?" त्यांनी मला विचारलं.

"वाजतेय, काका."

"जोरात वाजव."

मी जोरात वाजवली. त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली आणि नुसत्या हिरड्यांनी लाकूड धरलं. मग कपाळ टेकवलं. मग कानामागचं हाड. बराच वेळ असं चाललं होतं आणि मी मूर्खासारखी तार छेडत राहिले. शेवटी ते सरळ बसले.

"येतोय," ते म्हणाले. "घोंगडीतून येतोय."

तेव्हा कुठे त्यांनी मला सांगितलं. लहानपणीच दोन्ही कान फुटले होते. ऐकायचं यंत्र घातलं की कान वाहायचे. आवाज म्हणजे लोकांचे हलणारे ओठ, एवढंच त्यांना ठाऊक. पुढे बुधवारातल्या दुकानात एकदा बेस दुरुस्तीला आली. एका हातात सोल्डरिंगची तापलेली कांडी, दुसऱ्यात डाग द्यायची तार, आणि गिटार टेबलावरून घसरायला लागली म्हणून त्यांनी तिचं शिंग दातांत धरलं. तेवढ्यात शेजारच्या माणसाने गंमत म्हणून तार छेडली.

"डोक्यात दिवा लागला, मंजिरी. वयाच्या तिसाव्या वर्षी मला कळलं की आवाजाला तळ असतो."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलंस कुठे?"

माझा चेहरा बघून ते लगेच मऊ झाले. म्हणाले, "अगं, सांगायची गोष्ट आहे का ती? तुम्ही कानांनी ऐकता, हे तुम्ही सांगत फिरता का?" मग डब्यातली बाकरवडी उचलून त्यांनी माझ्यासमोर कडाकडा चावून दाखवली. "बघ, काय कवळी आहे. उगाच नाही तुला इंजिनिअर केलं." मी हसले. त्यांना तेच हवं होतं.

त्यानंतर त्यांनी एकही गिटार जोडली नाही. 'हात थरथरतात' असं आलेल्या गिऱ्हाइकांना सांगत. हात अजिबात थरथरत नव्हते. मी शनिवारी जायची, ते गॅलरीत बसलेले असायचे, आणि मी दिसले की काकूंना हाक मारून काहीतरी कडक खायला मागायचे. चिक्की, शेव, मक्याचं कणीस. माझ्यासमोर खायचे. थंडी सरता सरता एका सकाळी चहाला उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. "तुझी ती गिटार घेऊन जा. तिच्याकडे बघवत नाही मला." आयुष्यात पहिल्यांदा मी काकूंना हळू बोलताना ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "तुला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं त्यांनी. पण आता कोणासाठी लपवू? रोज सकाळी खाली जायचे. कवळी खिशात ठेवून हिरड्यांनी धरून बसायचे ती. रक्त यायचं. मी विचारलं तर म्हणायचे, तिचा मुका सूर राहिलाय."

मी कारखान्यात गेले. बेस कापडाखाली होती, मानेला वजन अजून बांधलेलं. गाठीच्या आजूबाजूला पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, एकेक जागा तपासून केलेल्या. फळीवर एक डबा मला नवा दिसला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सुटलेले'. उघडून पाहिला तर आत डॉक्टरांनी दिलेली पुडी. दंतमंजनाच्या डब्यात दात. काका असते तर या विनोदावर दोघंही हसलो असतो. मी खाली फरशीवर बसून रडले.

मग मी बेस एका चकचकीत दुकानात दाखवली. तिथला मुलगा चांगला होता. "मॅम, डेड स्पॉट आहे हा. नेक चेंज करून टाकू. आणि हे बाइट मार्क्स काय आहेत? डोन्ट वरी, फिलिंग करून देतो." मी म्हटलं, नको. वजनही सोडू नकोस.

घरी आल्यावर मी बेस जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. आरशात बघायची हिंमत नव्हती, कँटीनमधली मी आठवले असते. माझे दात त्यांच्या खुणांत बसत नाहीत. मी थोडं बाजूला चावलं, डोळे मिटले आणि पाचव्या पट्टीवर बारीक तार छेडली. बाहेर सूर विझला, नेहमीसारखा लगेच. आत विझला नाही. दातांतून वर चढला, गालाच्या हाडात पसरला, कवटीच्या मागे जाऊन बसला आणि कितीतरी वेळ तिथे राहिला. काकांचं खरं होतं. मेला नव्हता तो.

त्या दवाखान्यात मी काय काढून टाका म्हणाले होते, ते मला त्या टेबलाशी ऐकू आलं.