हेल्मेट परत देणार नाही

वणीकरांनो, आज मुंबईहून आमच्या खाण कंपनीत नीतिमत्ता समिती आली होती. कामगार सुरक्षित आहेत का, हे पाहायला. त्यासाठी आम्हा ठेकेदारीवाल्यांना पहिल्यांदाच नवीकोरी हेल्मेटं भेटली. फोटो झाले.

पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली न् सुपरवायझर पोतं घेऊन आला. "हेल्मेटं टाका यात."

मी म्हटलं, "काहून? पाहुणे गेल्यावर वरून दगड पडणं बंद होते का?"

"मंग उद्या कामावर येऊ नको."

"येईन. हेच घालून येईन."

हे ऐकून आमच्यासोबत काम करणाऱ्या मंगलाबाईनं पोत्यात टाकलेलं आपलं हेल्मेट परत काढलं न् डोक्यावर चढवलं.

तुमच्या कंपनीतही डोकं फोटोपुरतंच सांभाळतात का?

मी हेल्मेट घालूनच ही पोस्ट लिहून राह्यलो. बायको हसते. हसू दे.