घासलेला बोल्ट

रात्री रस्ता साफ करणाऱ्या गाडीने दारासमोर लोटून ठेवलेला बर्फाचा ढीग सकाळपर्यंत दगड झाला होता. आर्वो हेक्किनेनने बर्फ फेकायचं यंत्र त्यात घातलं आणि आत काहीतरी कडकन मोडलं. इंजिन चालू राहिलं, पंखाही फिरत राहिला. पण पुढचा ऑगर, म्हणजे बर्फ खरवडून आत ओढणारी मळसूत्री पाती, जागचा हलेना.

शेजारचा क्लेम ट्रेझोना फावडं टाकून आला.

"गिअरबॉक्स गेला," तो म्हणाला.

"पिन तुटायला हवी होती," आर्वो म्हणाला. ऑगरच्या दोन्ही बाजूंना एकेक मऊ लोखंडाची पिन असते. दगडबिगड लागला की ती तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तिचं काम तेवढंच.

"पाती दांड्याला गंजून चिकटली असतील. मग पिन तुटेल कशी? थंडी लागायच्या आधी ग्रीस मारलंस ना?"

"मारलं."

"नक्की?"

आर्वोने इंजिन बंद केलं. ऑक्टोबरात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. त्याच्या आगेमागेचे दिवस त्याला धड आठवत नव्हते.

आर्वोने कागदाच्या गिरणीत चौतीस वर्षं यंत्रं बसवली, उघडली, पुन्हा बसवली. क्लेम त्याच पाळीत, त्याच बाकावर. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून हे यंत्र घेतलं. आर्वोच्या शेडमध्ये राहायचं, दोघांची अंगणं साफ करायचं. तेल-ग्रीस आर्वोचं, आणि आर्वोचं ग्रीस कधी चुकत नाही हे कॅल्युमेट गावाच्या या टोकाला सगळ्यांना माहीत होतं.

त्या शनिवारी आर्वोच्याच सौनात, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या खोलीत, पाचजण घाम काढत बसले होते. क्लेम म्हणाला, "आर्वो ग्रीस विसरला, ऐकलंत का? लेम्पीला सांगा, नवऱ्याच्या पायजम्याला नावाची चिठ्ठी लावून ठेव म्हणावं. हरवला तर लोक घरी तरी आणून सोडतील."

सगळे हसले. आर्वोने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेत कोणाचं तोंड दिसत नाही, ते बरं असतं.

रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी आणि वेलचीच्या पावाच्या टेबलापाशी त्याने चर्चच्या बॉयलरच्या चाव्या पाद्रींच्या हातात दिल्या. बावीस वर्षं त्या त्याच्याकडे होत्या.

"का हो, आर्वो?"

"ज्याला ग्रीस आठवत नाही त्याने बॉयलरला हात लावू नये."

क्लेम शेजारीच बसला होता. त्याने आर्वोच्या पाठीवर थोपटलं आणि पाव बशीतल्या कॉफीत बुडवला.

गुरुवारी गिअरबॉक्सचे सुटे भाग आले. पाती चिकटलेली असणार म्हणून आर्वोने हातोडा, पाती ओढून काढायचा पुलर, तापवायला गॅसची बत्ती सगळं मांडून ठेवलं. दोन्ही पिना काढल्या. पात्याला हात लावला तर ते दोन बोटांनी सरकत बाहेर आलं. दांडा लखलखीत होता. त्यावर हिरवं ग्रीस, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं.

तो स्टुलावर बसला. "मारलं होतं मी," तो मोठ्याने म्हणाला. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

मग पिन का तुटली नाही?

त्याने काढलेल्या पिना उचलल्या. उजवीकडची बरोबर होती. डावीकडची मापाला बरोबर, पण हातात वेगळी लागली. त्याने तिच्यावर कानस फिरवली. मऊ लोखंडात कानस चावते. इथे घसरली. पिन नव्हतीच ती, कडक पोलादी बोल्ट होता. अशा बोल्टच्या माथ्यावर सहा उठावदार रेघा असतात, याचा माथा सपाट होता. दिव्याखाली तिरका धरल्यावर रेघांची बुडं दिसली. कोणीतरी त्या घासून काढल्या होत्या. घासून झाल्यावर माथ्याची धारदार कडही चारी बाजूंनी मोडली होती, हाताला लागू नये म्हणून.

कड मोडल्याशिवाय काम खाली ठेवायचं नाही, ही गिरणीत एकाच माणसाची सवय होती. आणि यंत्राला हात लावणारे दोघंच.

आर्वो लगेच शेजारी गेला नाही. हातातलं काम अर्धं होतं. त्याने गिअरबॉक्स उघडला. ब्राँझच्या चाकाचे दात पार सोलून निघाले होते, तेलात पिवळा चुरा होता. त्याने सगळं रॉकेलने दोनदा धुतलं, नवं चाक, नवी सीलं बसवली, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळले. दोन्ही बाजूंना खऱ्या पिना घातल्या. दीड दिवस गेला.

इंजिनचा आवाज ऐकून क्लेम आला. "वा रे म्हाताऱ्या! हात अजून जाग्यावर आहेत की!"

आर्वोने तळवा उघडून बोल्ट दाखवला.

क्लेमचं हसू गेलं. "ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला तेव्हा तू इस्पितळात होतास. दोन पिना तुटल्या, तिसरी मिळेना, दुकान बंद. म्हटलं एक दिवसापुरता..."

"घातलास ते समजलं. घासलास कशाला?"

"तुला दिसला असता तर तू बोलला असतास."

"बोललोच असतो. पिन बदलली असती. संपलं असतं."

"काढायचाच होता रे. राहून गेला."

"राहून जाणारी गोष्ट कोणी घासत बसत नाही, क्लेम. कडसुद्धा मोडलीस. मी चाव्या दिल्या तेव्हा शेजारी होतास."

"कसं बोलणार होतो तिथे? सगळे होते."

"सौनातही सगळे होते. तिथे बोललास की."

क्लेमने टोपी काढली, पुन्हा घातली.

आर्वोने यंत्र गिअरमध्ये टाकलं आणि दोन्ही अंगणं ओलांडून क्लेमच्या गॅरेजात नेऊन उभं केलं.

"अरे, निम्मं तुझं आहे!" क्लेम मागून येत म्हणाला.

"डब्यात बारा पिना आहेत. दर दहा तासांनी ग्रीस मार. पाती हाताने फिरवून बघ आधी."

"आर्वो, ऐक तर."

आर्वो परत आला. शेडच्या भिंतीला टांगलेलं बर्फ लोटायचं रुंद पत्र्याचं फावडं त्याने काढलं आणि दारापर्यंतच्या वाटेला रस्त्याच्या टोकापासून सुरुवात केली. लेम्पी दारात आली.

"डोकं फिरलंय का तुझं? टाक्यांचं डॉक्टर काय म्हणाले होते? यंत्र कुठंय?"

"क्लेमकडे."

"मग आण ना!"

आर्वो लोटत राहिला. थोड्या वेळाने पलीकडे इंजिन सुरू झालं. क्लेम यंत्र घेऊन हद्दीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. आर्वोने मान वर केली नाही. दहा पावलं लोटायचं, पोटावर हात धरून उभं राहायचं, पुन्हा दहा पावलं. दुपार कलायच्या आत दारापर्यंतची वाट मोकळी झाली. कडा सरळ होत्या.