देवदूतानं गोळी सोडायला सांगितली म्हणे

बायकांची प्रार्थना आमच्या घरी व्हायची, कारण आमची छपरी मोठी होती. दुसरं काही कारण नाही. मी शाळेत गेले ती चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन पवित्र शास्त्रावर बोट ठेवून ठेवून माझं मीच केलं. पण छपरी माझी, खाली अंथरायची दरी माझी, ढोलकी मालकांनी हयात असताना गोंदियावरून आणलेली, आणि चहा माझ्या चुलीचा. त्यामुळं दर बुधवारी बायका जमायच्या. कुणी आजारी असलं की मी वाटीत तेल घ्यायची. जवसाचं, ज्यात आमची भाजी होते तेच. बोट बुडवायचं, कपाळाला लावायचं, प्रभूचं नाव घ्यायचं. आमचा अभिषेक म्हणजे एवढाच. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा असं शास्त्रात आहे. तेल कोणत्या दुकानचं ते काही लिहिलेलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढं मला लोक अविश्वासी म्हणाले. मी देवदूत मानते. आजही मानते. माझ्याशी त्यावरून कुणी वाद घालू नये.

गावात नुकते मोबाईल आले होते त्या काळातली ही गोष्ट. धान चुरण्याच्या दिवसांत माझी सून खोकायला लागली. तणसाची धूळ गेली असेल म्हणून आम्ही आधी गुळाचा काढा दिला. मग ताप यायला लागला, ब्लाऊज अंगावर ढगळ झालं. मुलगा ट्रकवर, रायपूरच्या लाइनवर. कोहमाऱ्याला ढाब्यावर गाडी थांबली की फोन करायचा, म्हणायचा, "आई, दवाखान्यात ने वो तिले, घरी कायले ठेवून राहिली?" नेलं. थुंकी तपासली. टीबी निघाला.

गोळ्या सरकारी, फुकट. अंगणवाडीच्या सेविकेकडं डबा ठेवलेला. एक दिवसाआड तिथं जायचं आणि तिच्यासमोर गिळायच्या. ती सेविका मोठी तोंडाळ, पण कामाची पक्की. तिनं पहिल्याच दिवशी आम्हा दोघींना सांगितलं, "मावशी, हिची लघवी लाल येईल. भेऊ नका. गोळीचाच रंग आहे तो. गोळी पोटात गेली, समजायचं."

मी ते ध्यानात ठेवलं. सुनेनं ऐकलं, पण तिच्या मनात ते बसलं नाही. न्हाणीतल्या दगडावरून लाल पाणी वाहताना दिसलं की तिचा चेहरा उतरायचा. "आई, रक्तच जाऊन राहिलं माझं," म्हणायची. मी समजावायची, ती मान हलवायची.

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता हिच्यापासून कुणाला लागण नाही, सगळ्यांत मिसळू द्या, फक्त गोळ्या पूर्ण करा. पण गाव डॉक्टरचं कुठं ऐकतं. तिचं ताट वेगळं, गडू वेगळा. माझी जाऊ हिंदूच राहिलेली, पलीकडच्या घरात. ती तर हिला दारातूनच बोलायची. नात माझ्याजवळ झोपायची. पोरगी झोपेत आई म्हणायची आणि सून भिंतीपलीकडं जागी असायची. मला ते ऐकू यायचं.

आता गोळ्यांचं आठवड्याचं पाकीट घरी मिळायचं. पहिली गोळी सेविकेसमोर, बाकीच्या घरी.

अशात होळीच्या आधी महासभा भरली. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप टाकला होता. बाहेरून मोठा प्रचारक आला, हिंदी बोलणारा, पांढरे बूट घातलेला. त्याच्याजवळ तेलाची शिशी होती, येशूच्या देशातून आणली म्हणे. आमचे पास्टर, माझ्या मुलाच्या वयाचा साधा माणूस, ती शिशी दोन्ही हातांत धरून त्याच्या मागं मागं फिरत होते.

सुनेचा नंबर आला. त्यानं तिच्या कपाळाला तेल लावलं आणि माइकमध्ये ओरडला, "बहन! तेरे पीछे फ़रिश्ता खड़ा है! सफ़ेद कपड़ों में! कह रहा है, तू चंगी हो गई! अब दवाई मत छूना, दवाई शक की निशानी है!"

सून मागं पडली. मी डोकं धरलं म्हणून लागलं नाही. तिच्या मागं मी पाहिलं, खरंच पाहिलं, कारण देवदूत पाहायची मला कुणाहून कमी हौस नाही. तिथं जनरेटरवाला उभा होता, बनियनवर, बिडी पीत.

मी घरी आले आणि गप्प बसले. मला वाटलं, प्रार्थना झाली, चांगलं झालं, आता गोळ्या चालू राहतील. तिनं काय ठरवलंय ते मला कुठं माहीत.

मग एका बुधवारी छपरीत गवाही चालू होती. गवाही म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. सून उठली. कधी न बोलणारी पोरगी, पदर नीट करून बोलली, "माझं लाल पाणी बंद झालं. देवदूतानं हात लावला त्या दिवसापासून पाहून राहिली, पाणी साफ येते. माझा रोग गेला."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. हालेलुया, हालेलुया. ढोलकीवर थाप पडली. एकीनं रडत तिला मिठी मारली, जी दोन महिने तिच्या सावलीतही बसली नव्हती. मला मात्र सेविकेचं बोलणं आठवलं. लाल पाणी बंद झालं म्हणजे गोळी बंद झाली. ती ज्याला आजार समजत होती ते औषध होतं, आणि ते थांबलं त्याला ती बरं होणं म्हणत होती. सगळी छपरी तेच म्हणत होती.

बायका गेल्यावर मी विचारलं, "गोळ्या कुठी हायेत?"

"उकिरड्यात."

"अन् सेविकेसमोरची?"

"जिभेखाली ठेवत होती. बाहेर येऊन थुकत होती."

"काऊन वो?"

"फरिश्त्यानं मना केलं, आई."

"मग त्याले म्हण, माह्याशी बोल. मी घरीच राहते."

ती रडायला लागली. "तुमचा विश्वास नाही?"

"हाये. म्हणून तर भांडून राहिली."

तिनं काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच सेविकेकडं नेलं. सेविकेनं आधी तिला झापलं, मग मला झापलं, मग आम्हाला बसमध्ये बसवून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पुन्हा थुंकी तपासली, गोळ्या लांबवल्या आणि सांगितलं, आता सोडल्या तर पुढं या गोळ्या लागूही पडणार नाहीत. सून ऐकत होती, पण डोळे खिडकीबाहेर.

संध्याकाळी पास्टर आले. सोबत मंडळीतल्या चार बहिणी, चेहरे असे की घरात मयत झाली आहे.

"मावशी," पास्टर म्हणाले, "तुम्ही अभिषेकाचा अपमान करून राहिल्या. सभेसमोर माफी मागा. आन यापुढं तेल लावू नका कोणाले. बाईनं अभिषेक करायचा नसतो."

"इतके साल माह्या हातचं तेल चाललं, तवा बाई नव्हती का मी?"

"तवाची गोष्ट वेगळी."

"पास्टर, एक सांगा. शास्त्रातला तो संदेष्टा, राणीच्या भीतीनं रानात पळाला होता, झुडपाखाली पडला होता, देवा आता मरण दे म्हणून. त्याच्याजवळ देवदूत आला. काय केलं त्यानं?"

पास्टरांना माहीत होतं. त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"भाकर दिली," मी म्हटलं. "गरम भाकर आन पाणी. उठ म्हणाला, खा म्हणाला, वाट लांब हाये तुही. पडला तं पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. असा असते देवदूत. तोंडातलं काढून घेणारा कोण होता ते तुम्हीच पाहा."

एक बहीण पुटपुटली, "इच्या तोंडून सैतान बोलून राहिला."

"बाई, चहा पिऊन जा," मी म्हटलं. "सैतानाच्या घरी चहा तरी चांगला भेटते."

चहा कुणी घेतला नाही. माफी मी मागितली नाही. पुढच्या बुधवारी बायका दुसऱ्या गल्लीत जमल्या, आणि दरी मागायला एक पोरगी पाठवली. मी दरी दिली. ढोलकी दिली नाही.

जाऊ कुंपणावरून हसली. "काय वो बाई, देव बदलला तं बदलला, आता त्याच्या मानसाइशीही भांडून बसली?"

"तुह्याशी भांडायची पाळी येऊन राहिली," मी म्हटलं. ती हसतच आत गेली.

पण हे सगळं बाहेरचं. घरात सून गोळी तळहातावर घेऊन बसायची आणि गिळायची नाही. मी तेल लावलं, प्रार्थना केली, रागावले, मुलाला फोन लावून दिला. नाही म्हणजे नाही. तिला समजावायचा मार्ग मला रात्रंदिवस शोधूनही सापडेना. मग एका दुपारी मी तिला तिच्या वेगळ्या ताटात वाढत होते आणि ती म्हणाली, "त्यायनं मले चंगी म्हटलं, आई. घरात कोणी म्हटलं नाही."

मी वरणाचा चमचा खाली ठेवला. देवदूतावर तिचा एवढा विश्वास का, ते मला तेव्हा समजलं. डॉक्टरनं सांगून झालं होतं की मिसळू द्या. तिला मिसळून घेतलं ते फक्त त्या मंडपानं, खोटं का असेना.

मी तिचं ताट उचललं, माझ्या ताटातला भात त्यात ओतला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. नातीलाही बोलावलं. तिघी एकाच ताटात जेवलो. जाऊ कुंपणावरून पाहत होती, तिला दिसेल असंच मी बसले होते. सून आधी घास तोंडात घालेना, मग नातीनं तिच्या हातातलाच घास ओढला, तेव्हा हसली. जेवण झाल्यावर मी वाटीतलं तेल तिच्या कपाळाला लावलं आणि गोळी पुढं केली. म्हटलं, "चंगी हायेस तू. चंगी राहाले ही गीळ."

गिळली. त्या रात्रीपासून नात तिच्याजवळ झोपली. पुढं रोज एकच ताट, आणि मी रोज न्हाणीतल्या दगडावर नजर टाकून यायची. लोक देवळात कौलाचं फूल पाहतात, मी लाल पाणी पाहायची. लाज कशाची त्यात.

गोळ्या संपल्या. थुंकी साफ निघाली. आता कुणी मला म्हणतं, मावशी, ती सेविकाच तुमची देवदूत होती. मी म्हणते, नाही बाबा. ती सेविका होती. देवदूताला पगार लागत नाही, तिला लागतो, तो तिला वेळेवर द्या.

पुढच्या साली पुन्हा महासभा. या वेळी प्रचारक दुसरा, मंडप तोच. सून आता भरली होती, गाल वर आले होते. पास्टरनं तिला गवाहीला बोलावलं. तिनं माइक धरला आणि सांगितलं, कसा रोग झाला, कसं अभिषेकाचं तेल लागलं, कसा देवदूत मागं उभा राहिला, आणि आज ती कशी चंगी आहे. टाळ्या झाल्या. गोळ्यांचं नावच नाही.

मी बायकांच्या बाजूला खाली बसले होते. उठले.

"गोळ्या सांग," मी ओरडले.

"मावशी, बसा," पास्टर म्हणाले.

"बसते. आधी तिले पुरं सांगू द्या. नाही तं मी सांगते." आणि मी सांगितलं. माइक नव्हता, पण पाखरं हाकलून हाकलून माझा आवाज मोठा झालेला आहे. गोळ्या सांगितल्या, उकिरडा सांगितला, लघवी लाल का येते तेही भर मंडपात सांगितलं. माणसांनी माना खाली घातल्या. दोन स्वयंसेवक मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. ओढत नव्हते, हं, मीच चालत होते, बोलत बोलत.

सून मागून आली, रागानं लाल. "तुम्ही सगळ्याइसमोर माही इज्जत काढली. आता मी कोणाले तोंड दाखवू?"

"हेच दाखव. चांगलं गोल झालं हाये."

ती महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. जेवायची मात्र माझ्याच ताटात. आजही ती दुसऱ्या गल्लीतल्या प्रार्थनेला जाते, आणि देवदूतानं बरं केलं म्हणते. म्हणू दे. मी नाही म्हणत नाही. मला फक्त गोळ्या मधून गाळलेल्या चालत नाहीत.

त्या दिवशी मंडपाच्या मागं, जिथं स्वयंपाकाच्या कढया धुत होते, तिथं एक बाई माझ्याजवळ आली. ओळखीची नव्हती, कामठ्याकडची होती. तिनं पदराखालून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं, अर्धं रिकामं, अर्धं भरलेलं. नवऱ्याचं होतं. तो आत मंडपात बसला होता, तेल लावून घ्यायच्या रांगेत.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "माह्या घरी येता का? तेल लावाले. अन् त्यायले सांगाले. माह्यं कोणी ऐकत नाही."

पास्टर दोन पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "मावशी, तुमाले मना केलं हाये ना तेल लावाले?"

"हो, केलं हाये," मी म्हटलं, आणि त्या बाईला घराचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी जवसाचं तेल एका बाटलीत घेतलं, बूच घट्ट लावलं, आणि कामठ्याकडं जाणारी सकाळची पहिलीच बस धरली.